माया एक इंच

"सर, ट्रायल रूम तिकडे आहे," तो मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

मला शर्ट घालून बघायचाच नव्हता. मी तो उलटा करून, बाही मनगटावर चढवून, काखेच्या शिवणीपाशी नाक नेऊन उभा होतो. एका हातात मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली सहा इंची स्टीलची पट्टी, दुसऱ्या हातात पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग. तोंडाने पुटपुटत मोजणी चालू होती. सात, आठ, नऊ. इंचाला नऊ टाके. शर्टाची किंमत 2,299 रुपये.

"नऊ," मी म्हणालो. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर हिमोग्लोबिन सांगतात त्या सुरात.

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "नाही सर, तो चाळीसचा आहे. तुम्हाला चव्वेचाळीस लागेल."

मी त्याला समजावू लागलो की साध्या शर्टालाही इंचाला दहा-बारा टाके हवेत, भारी शर्टाला अठरा-वीस असतात. टाका जितका बारीक तितकं मशीन जास्त वेळ चालवावं लागतं, दोरा जास्त जातो, म्हणून कारखान्यात टाका लांबवतात. मुलगा गुणी होता. सगळं ऐकून घेऊन त्याने शर्ट माझ्या हातातून हलकेच सोडवला, सुलट केला, घडी घातली आणि दारावरच्या रखवालदाराकडे एकदा बघून घेतलं. पुढच्या वेळी मी त्या दुकानात गेलो तेव्हा रखवालदाराने माझ्याकडची पिशवी जमा करून घेतली आणि विचारलं, "पट्टी आहे का?"

हा रोग मला बटणापासून लागला.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक लांबलचक मीटिंग चालली होती. माझं लक्ष नव्हतं, आणि लक्ष नसलं की माझ्या हातांना चाळे सुचतात. शर्टाच्या तिसऱ्या बटणाखाली एक दोरा लोंबत होता. तो ओढला. बटणाने जागच्या जागी एक गिरकी घेतली, टेबलावर पडलं आणि घरंगळत जाऊन साहेबांच्या बशीला टेकून थांबलं. पहिलं बटण गेलं तर माणूस मोकळाढाकळा वाटतो, शेवटचं गेलं तर कळतही नाही. तिसरं गेलं की थेट बनियन दिसतं. बनियनला भोक होतं हा तपशील मी इथे देत नाही.

घरी आल्यावर मी उरलेल्या बटणांचे दोरे ओढून पाहिले. सहापैकी चार हातात आली.

"अरे, चांगल्या शर्टाची बटणं कशाला तोडतोयस?" बायको म्हणाली.

"तोडत नाहीये, तपासतोय."

या तपासाचा निष्कर्ष असा. घरच्या शिलाई मशीनला दोन दोरे असतात, एक वरचा सुईतला आणि एक खालचा बॉबिनचा. प्रत्येक टाक्याला दोघे एकमेकांच्या गळ्यात गळा घालतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. पण बटणं लावायची कारखान्यातली बरीच यंत्रं एकाच दोऱ्यावर चालतात. दोरा स्वतःच्याच फासात स्वतःला अडकवत पुढे जातो. ही साखळीची शिवण. गव्हाच्या पोत्याचं तोंड असंच शिवलेलं असतं. किराणा दुकानातला पोऱ्या नेमक्या टोकाचा दोरा धरतो, एक हिसका देतो, आणि सळसळ करत अख्खं पोतं उघडं पडतं. चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठ बसते आणि मग सुरी आणावी लागते. थोडक्यात, माझा शर्ट आणि गव्हाचं पोतं एकाच तत्त्वावर बंद होत होते. त्या दोघांतली बाकीची साम्यं बायकोने दाखवून दिली.

त्या दिवसापासून मी माणसांकडे बघणं सोडून त्यांच्या कपड्यांकडे बघायला लागलो. खिशावरची चौकट खालच्या कापडाच्या चौकटीला जुळते का? कॉलरच्या आतलं कापड शिवलंय की उष्णतेने चिकटवलंय? चिकटवलेलं वाईट असेल तर चार धुण्यांत कॉलरवर पापडासारखे फुगे येतात. समोरचा माणूस मला त्याच्या मुलाच्या नोकरीबद्दल सांगत असे आणि मी त्याच्या कॉलरवरचे फुगे मोजत असे. सोसायटीत माझं नाव झालं. लोक सल्ला विचारायला लागले, मग सल्ला न विचारणाऱ्यांनाही मी तो द्यायला लागलो. एका सत्यनारायणाला नमस्कारासाठी वाकलो असताना यजमानांच्या रेशमी कुर्त्याची कड उलटी करून पाहिली. बायकोच्या ब्लाउजच्या शिवणीबद्दल मत मी एकदाच दिलं.

आता खरी गोष्ट.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली, तर तळाशी वडिलांची तपकिरी टेरीकॉटची पँट निघाली. वडील शिक्षक होते. त्यांच्या दोन पँटी होत्या आणि या दोन पँटींवर त्यांनी नोकरीचा बराचसा काळ काढला. मी अर्थातच ती ताबडतोब उलटी केली. मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं, आणि त्या कापडावर शिवणीला समांतर अशा सुईच्या भोकांच्या तीन पुसट रेघा होत्या.

आई शेजारी बसून डबे पुसत होती. तिने पँट हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि रेघांवरून बोट फिरवलं.

"ही तुझ्या जन्माच्या वेळची. डिंकाचे लाडू माझ्यासाठी केले होते, खाल्ले यांनी. ही हेडमास्तर झाले तेव्हाची, खुर्चीत बसायला लागले ना. आणि ही..." ती थोडी थांबली. "ही आजारपणातली. तेव्हा आत घ्यायला लागली होती."

मग तिने पँट घडी करून परत ट्रंकेत ठेवली. "तेव्हाचे शिंपी माया ठेवायचे. आता कोण ठेवतंय?"

माया हा शिंप्यांचाच शब्द आहे. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे माया. माणूस फुगला की ती सोडायची, सुकला की वाढवायची. आमच्या लहानपणी सगळे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवत. पाचवीत शिवलेली खाकी चड्डी सातवीत अंगाला बसायची आणि तोवर ती गुडघ्याखाली लोंबत असायची. पुढे माझं अंग वाढायचं थांबलं म्हणून आईने वाढत्या अंगाचं शिवणं थांबवलं. तेव्हापासून ते आडवं वाढायला लागलं. आणि आता तयार कपड्यांच्या जमान्यात त्याला कुठेच माया नाही. कारखान्यात कापडाचे शेकडो थर एकावर एक रचून एकदम कापतात. तिथे प्रत्येक शर्टामागे अर्धा इंच वाचवला तर त्या वाचलेल्या कापडातून आणखी शर्ट निघतात. शिवणीच्या आत उरतं ते करंगळीच्या नखाएवढं, त्यावरही ओव्हरलॉक मारलेलं. सोडणार काय?

मला तिथल्या तिथे माझा लग्नातला कोट आठवला.

1997 साली शिवलेला. नेव्ही ब्लू टेरीवूल. शिंप्याकडे माप देऊन, दोनदा कच्च्या शिवणीवर अंगावर चढवून बघून शिवलेला. मेहुणीच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, साताऱ्याला. कोट अंगात जात होता, पण पाठीत असा ताठ बसायचा की दोन्ही हात पुढे घेतले की मी नाटकातल्या पुतळ्यासारखा दिसे. मी कोटाच्या पाठीमागची मधली शिवण बोटांनी चाचपली. आत जाडसर काहीतरी लागलं.

"माया आहे!" मी ओरडलो.

"मग शिंप्याकडे दे," बायको म्हणाली.

"मी बघतो."

'मी बघतो' या दोन शब्दांत आमच्या घरातला एक मिक्सर, एक गिझरचा नळ आणि सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ गेलेलं आहे. पण यावेळी माझा अभ्यास झालेला होता.

बघता बघता लग्न तोंडावर आलं, तेव्हा एका रात्री अकरा वाजता दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन मी बसलो. आधी अस्तर उसवलं. आत डोकावलं आणि खरं सांगतो, दहा मिनिटं हातातलं ब्लेड तसंच राहिलं. छातीच्या भागात अस्तर आणि कापड यांच्यामध्ये कॅनव्हास होता, आणि कॉलरखालच्या वळणाला तो कापडाशी जोडायला हाताने घातलेले तिरपे टाके होते. तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीने, शेकडो. बाहेरून एकाचाही मागमूस नाही, कारण सुई कापडाचा एखादाच धागा उचलून परत फिरलेली. या टाक्यांमुळे तो भाग इस्त्रीशिवाय आपणहून वळतो, हे मी वाचलेलं होतं. 28 वर्षं तो आपणहून वळत होता आणि मला वाटत होतं मी ऐटीत उभा राहतो म्हणून. खांद्याच्या आत शिंप्याची निळ्या खडूची खूणही तशीच होती. भिंगातून बघताना मला एकदम लाज वाटली आणि मी ब्लेड खाली ठेवलं. मग परत उचललं. हाच माझा स्वभाव आहे.

मधली शिवण उसवायला वीस मिनिटं लागली. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच सोडून नवी टीप मारायची एवढंच काम. सासूबाईंचं हाताने फिरवायचं उषाचं मशीन खाली काढलं, दोरा ओवला, कापड सरकवलं आणि हँडल फिरवलं. वरून टीप सुंदर पडत होती. कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचं जाळं. कोळ्याने बघितलं असतं तर धडा घेतला असता. दोरा बदलला, सुई बदलली, बॉबिन काढून परत बसवलं, जाळं कायम. दीड वाजता बायको पाणी प्यायला उठली, एक क्षण थांबली, मशीनचा कापड दाबून धरणारा लोखंडी पाय एका बोटाने खाली पाडला आणि झोपायला निघून गेली. तो मी वर उचललेलाच ठेवला होता.

पण तोवर जाळं शटलमध्ये असं गुंतलं होतं की मशीन पुढेही जाईना आणि मागेही. मी ठरवलं, हाताने शिवायचं. मशीन यायच्या आधी माणसं हातानेच शिवत होती. अडीच वाजता शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि कृतार्थ होऊन झोपलो. अस्तर शिवायचं राहिलं. ते आत असतं, कोणाला दिसतंय?

सकाळी उजेडात कोट पाहिला.

आई दरवर्षी पावसाळा संपला की कपड्यांना ऊन दाखवत असे. कसर लागू नये म्हणून सगळ्या शाली, स्वेटर आणि माझा कोट गच्चीतल्या दोरीवर जात. 28 वर्षांच्या त्या उन्हाने कोटाचा नेव्ही ब्लू हळूहळू ढगाळ करडा झाला होता. एवढा हळू की आम्हाला तो अजून नेव्ही ब्लूच वाटे. मात्र शिवणीत दडलेल्या मायेला कधी ऊन लागलंच नव्हतं. ती 1997 सालातच होती. मानेपासून कंबरेखालच्या कटापर्यंत, बरोबर पाठीच्या कण्यावरून, एक इंच रुंदीचा लखलखीत निळा पट्टा उतरला होता. पट्ट्याच्या दोन्ही कडांना जुन्या टिपेच्या भोकांच्या ओळी. खार उलटी रंगवली तर अशी दिसेल.

आई म्हणाली, "अगबाई, असा होता होय रंग? छान होता."

लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली एक शिंपीकाका बसतात. 'ऑल्टर, रफू, चेन' एवढीच पाटी. जागा एवढी की त्यांना पाय लांब करायचे असतील तर मशीन हलवावं लागतं. भिंतीवर संत नामदेवांची तसबीर, तिला रोज ताजा हार. नामदेव शिंप्याच्या घरातले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि त्यांतल्या एकात त्यांनी मनाचा गज आणि जिभेची कात्री केली आहे. मला आतापर्यंत फक्त कात्री जमली.

काकांनी कोट उचलला, पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणी केलं?"

"एक... ओळखीचे आहेत."

"हात नवा दिसतो." त्यांनी शिवणीवर अंगठा ठेवला. पट्टी नाही, भिंग नाही. "इंचाला चार टाके. साहेब, या माणसाला गोधडी शिवायला सांगा. चांगली शिवेल."

मी इंचाला अठरा-वीस टाक्यांचा विषय काढून पाहिला. काकांनी सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं. "सगळीकडे वीस घालून चालतं का? जाड कापडाला लांब टाका, पातळाला बारीक. नाजूक कापडाला जवळजवळ भोकं पाडली तर शिवण राहते आणि कापड फाटतं. टाका मोजायचा नसतो, कापड बघायचं असतं."

माझ्या खिशातली स्टीलची पट्टी मला टोचायला लागली.

"आणि हे उसवायच्या आधी दाखवायला आणायचं. जुनं कापड सोडलं की आतला रंग वेगळा निघणारच. ते आधी बघतात, मग ठरवतात."

"आता काय करता येईल?"

"कार्य कधी आहे?"

"परवा."

काकांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्यामागे लग्नसराईच्या कपड्यांचा ढीग छताला टेकला होता. "परवा होत नाही. नंतर आणा." मग माझी दया आली असावी. "भिंतीला टेकून उभे राहा."

साताऱ्याच्या कार्यालयात भिंती होत्या, पण सगळ्या भिंतींना आधीच म्हातारे टेकलेले होते. मला एक खांब मिळाला. त्याला पाठ लावून मी दोन तास उभा होतो. लोक भेटायला आले की तिथूनच हात जोडत होतो. फोटोसाठी बोलावलं की खेकड्यासारखा आडवा चालत जात होतो आणि आडवाच परत येत होतो. बायकोच्या एका आत्याने काळजीने विचारलं, "चक्कर येतेय का हो? लिंबूसरबत आणू?"

तेवढ्यात मेहुणा आला. म्हणजे बायकोचा भाऊ, नवरीचा सख्खा मामा. 18,500 रुपयांचा नवा सूट, त्यावर फेटा.

"भाऊजी, बघा बरं कसा आहे? तुम्ही एक्स्पर्ट."

मी खांब न सोडता पाहिलं. कोट ठीक होता. चौकटी जुळत होत्या. पण खाली वाकून बघतो तर उजव्या पायाच्या दुमडीतून एक निळा दोरा बोटभर बाहेर लोंबत होता.

इथे कोणीही शहाणा माणूस कात्री मागतो. मी व्याख्यान सुरू केलं. म्हटलं, ही जी आतली दुमड बाहेरून दिसत नाही ना, ती बऱ्याचदा एकाच दोऱ्याच्या साखळीने शिवतात. आणि ही साखळी आजची नाही. 1830 साली बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या एका फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, त्याची शिवण साखळीचीच होती. सैन्याचे गणवेश शिवायला त्याने पॅरिसमध्ये अशी यंत्रं लावली. आपलं पोट जाणार म्हणून दुसऱ्या शिंप्यांनी चाल करून येऊन ती मोडून टाकली. दोन दोऱ्यांची पक्की टीप एलायस होवेने 1846 साली पेटंट केली, आणि मग 1851 साली सिंगर आला. "तर सांगायचा मुद्दा," मी तो दोरा चिमटीत धरला, "शेवटचा फास नीट अडकवलेला असेल तर हा कितीही ओढला तरी हलत नाही. 18,500 च्या सुटाला तो अडकवलेला असणारच."

आणि ओढला.

किराणा दुकानातला पोऱ्या आयुष्यभर जे टोक शोधत असतो, ते मला पहिल्या प्रयत्नात मिळालं. सळसळ असा बारीक आवाज झाला. पँटचा पाय मेहुण्याच्या बुटावरून उलगडत जमिनीवर आला आणि वर दोन इंच लोळत पडला. माझ्या हातात हातभर लांब, कुरळा, निळा दोरा.

त्याच क्षणी माइकवरून गुरुजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मेहुण्याने पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फेट्याखालचा त्याचा चेहरा मी वर्णन करत नाही. "भाऊजी," तो एवढंच म्हणाला. त्याने तशीच दोन पावलं टाकली आणि स्वतःच्याच पँटवर पाय देऊन अडखळला. मांडवात आंतरपाट धरलेला, 400 माणसं हातात अक्षता घेऊन उभी. गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारा केला, यावेळी मुहूर्ताची वेळही सांगितली.

आमच्या बायकांच्या बांगड्यांत दोन-दोन सेफ्टी पिना कायम लटकत असतात, यावर मी पूर्वी एकदा विनोद केला होता. तो मी मागे घेतो. बायको, मेहुणी आणि त्या लिंबूसरबतवाल्या आत्या, तिघींनी एका दमात सहा पिना माझ्या तळहातावर ठेवल्या. "तू काढलंस, तूच लाव," बायको म्हणाली. मी खांब सोडला. मांडवाच्या पायरीपाशी, नवरीला धरून उभ्या राहिलेल्या मामाच्या पायाशी गुडघे टेकले आणि ती दुमड आत घेऊन पिना लावायला लागलो. पाठ अर्थातच सभागृहाकडे. माझी पाठ, तिच्यावरचा तो निळा पट्टा आणि व्हिडिओवाल्याचा दिवा, तिघे एका रेषेत आले.

चौथी पीन लावताना मी जरा जास्त वाकलो.

इंचाला चार टाके म्हणजे काय हे मला तेव्हा ऐकू आलं. टर्र, मग किंचित थांबून टर्रर्र. मानेखालून सुरू झालं ते कटापर्यंत गेलं. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, असं मी वर लिहिलं आहे. शेजारी असतील तर धरतील. माझे सगळे लांब-लांब राहत होते. मागच्या रांगेत काही गडबड झाली. त्यांना मांडवातलं दिसत नव्हतं, फक्त पुढच्यांचा 'आ' ऐकू आला, आणि शुभमंगल झालं असं समजून दहा-बारा जणांनी अक्षता टाकल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या पाठीवर पडल्या.

मी पाचवी आणि सहावी पीनही लावली. काम अर्धवट सोडत नाही.

पंगतीत मला कोणी काही बोललं नाही. सगळे फार प्रेमाने जिलेबी वाढत होते. फक्त एक दूरच्या काकू हात धुताना शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कोटाला मागून चेन आहे का हो? आमच्या ह्यांनाही तसाच शिवायचा म्हणते. पोट वाढलंय, पुढून घालता येत नाही."

"माप घेऊन सांगतो," मी म्हणालो.

लग्नसराई ओसरल्यावर मी कोट घेऊन जिन्याखाली गेलो. काकांनी तो धुतल्या कपड्यासारखा झटकला. फटीतून, न शिवलेल्या अस्तराच्या आतून, कुंकू लावलेले तांदूळ त्यांच्या मशीनवर टपटप पडले. काकांनी एक दाणा उचलून पाहिला. विचारलं काही नाही. सगळे दाणे गोळा केले आणि नामदेवांच्या तसबिरीपुढे ठेवले.

"पट्टा परत आत घेतो," ते म्हणाले. "जुन्याच भोकांवरून टीप मारतो. होता तसा होईल."

"म्हणजे परत घट्ट?"

"बटण लावू नका."

दीडशे रुपये झाले. कोट न्यायला गेलो तेव्हा शिवण कुठून कुठे आहे ते भिंगाने शोधायची फार इच्छा होती. भिंग खिशात होतं. काका बघत होते म्हणून तसाच घडी घालून घेऊन आलो.

मेहुण्याच्या पँटचा उजवा पाय मी त्याला त्याच काकांकडून पक्का शिवून दिला आणि पैसे मीच भरले. विषय मिटला असं वाटत होतं. मग गेल्या रविवारी सकाळी आमच्या व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर त्याचा एक फोटो आला. निळ्या कापडाची दुमड आणि तिच्यातून बाहेर आलेलं बोटभर टोक.

"भाऊजी, हा डावा पाय. ओढू का?"

खाली तोवर अकरा अंगठे पडले होते. पहिला बायकोचा होता.